चाकांवरचे बिऱ्हाड आणि हवेचा हिशेब

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या टायरांवर लेख लिहावा, ही गोष्ट आमच्या कॉलेजातल्या कोणालाही अजून पटलेली नाही. "मात्रा मोजायच्या सोडून तुम्ही हवा कधीपासून मोजायला लागलात?" असे गणिताच्या सहकाऱ्यांनी मला तोंडावरच विचारले. त्यांचेही बरोबर आहे. स्वतःच्या स्कूटरचे पंक्चर काढून घेताना बाजूला उभे राहून ऊस-रस पिणे, एवढाच माझा टायरशी आजवरचा संबंध. पण गेल्या उन्हाळ्यात जर्मनीत माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी जो प्रसंग ओढवला (खरे म्हणजे ओढवता ओढवता राहिला) त्याने मला हा हिशेब शिकवला. तो सगळ्यांना सांगावासा वाटतो, कारण गाडी जर्मनीतली असो की कोल्हापूरची, चाकातली हवा सगळीकडे एकाच नियमाने वागते.

बिऱ्हाड येते

बहीण आणि मेव्हणे गेली बारा वर्षे श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहतात. दोन मुले, थोरली भाची चौदा वर्षांची, धाकटा भाचा दहाचा. त्या वर्षी मी आईला घेऊन महिनाभर त्यांच्याकडे जायचे ठरले. आई शहात्तर वर्षांची. तिला घेऊन हॉटेले शोधत हिंडण्यापेक्षा निजण्याबसण्याची आणि चहा करण्याची सोय असलेली गाडीच घ्यावी, असे मेव्हण्यांच्या मनात आले. त्यांनी फोक्सवॅगनची २०११ सालची जुनी कॅम्पर व्हॅन विकत घेतली. आत घडीचा पलंग, दोन शेगड्या, एक इवलेसे मोरीचे भांडे, पाण्याची टाकी आणि छत वर उचलले की मुलांना झोपायला माळा! आईने पाहिल्याबरोबर नाव ठेवले, "हे तर चाकांवरचं बिऱ्हाड."

अशा बिऱ्हाडांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने १९४७ च्या एप्रिलमध्ये आपल्या वहीत एका डबेवजा गाडीची चार रेघांची आकृती काढली. तिच्यातून फोक्सवॅगनची ही व्हॅन जन्मली आणि १९५० च्या मार्चमध्ये व्होल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसवायचा 'कॅम्पिंगचा डबा' काढला. पहिल्या व्हॅनला सोळा इंची चाके होती. १९५५ साली ती पंधरा इंची झाली आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत चौदा इंची. चाके लहान, म्हणजे आत जागा जास्त, असा तेव्हाचा विचार. पुढे गाड्या वजनदार झाल्या, वेग वाढला, ब्रेकच्या तबकड्या मोठ्या झाल्या, आणि चाकांना पुन्हा वाढावे लागले. १९९० साली आलेल्या पिढीला पंधरा इंची चाके होती, २००३ च्या पिढीला सोळा आणि सतरा, आणि हौशी मंडळींना अठरा!

मेव्हण्यांची गाडी या अठरावाल्यांपैकी. आधीचा मालक हौशी असावा. चंदेरी, झळझळीत मिश्रधातूची चाके, त्यांवर काळ्या फितीसारखे दिसणारे रुंद, बुटके टायर. भाचा तर त्या चाकांवरच खूष होता.

तेत्तीस पौंड

आल्प्स ओलांडून ब्रेनर खिंडीतून इटलीतल्या गार्डा सरोवराकाठी आठ दिवस राहायचे, असा बेत होता. त्याआधी एक रंगीत तालीम म्हणून आम्ही शनिवार-रविवारसाठी कॉन्स्टन्सच्या सरोवराकडे निघालो. सहा माणसे, अंथरुणे, खुर्च्या, टेबल, टाकीत पाणी, मागच्या दाराला लावलेल्या दोन सायकली, आणि अर्थातच आईचा डबा: चिवडा, लाडू, मेतकूट आणि न जाणो म्हणून पाच किलो आंबेमोहोर तांदूळ.

निघताना मेव्हण्यांनी पंपावर हवा पाहिली. पुण्याला असताना त्यांची जी सवय होती तीच इथेही चालू: चारी चाकांत तेत्तीस पौंड. तिथे हवा 'बार'मध्ये मोजतात. एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पौंड. तेव्हा काट्यावर २.३ बार झाले आणि आम्ही निघालो.

दीड-दोन तासांनी एका विश्रांतिस्थानावर उतरलो. भाचा मागच्या चाकाशी बसून टायरवरची नक्षी बोटाने गिरवत होता. एकदम हात मागे घेऊन म्हणाला, "मामा, हा किती तापलाय बघ!" मी हात लावला. पुढचा टायर उन्हात ठेवलेल्या पितळी भांड्याइतका कोमट. मागच्यावर मात्र हात ठेववेना. मेव्हण्यांच्या कपाळावर आठी पडली. टायर तळाशी फुगीर, बसका दिसत होता. त्यांनी आईला काही सांगितले नाही. पण उरलेले अंतर आम्ही ट्रकांच्या मागून सावकाश गेलो, आणि सरोवराकाठच्या एका गावात शिरताच पहिले टायरचे दुकान गाठले.

बाजूच्या भिंतीवरचा शिलालेख

दुकानाचे मालक सत्तरीच्या घरातले गृहस्थ होते. गाडीकडे पाहून त्यांनी काही विचारले नाही. खाली वाकले, टायरच्या बगलेवरची अक्षरे वाचली, आणि खडूने जमिनीवर एक आकडा लिहिला: ९९. मग त्याभोवती वर्तुळ काढले. मेव्हणे दुभाषाचे काम करीत होते, आणि मी शिष्य झालो.

टायरच्या बगलेवर जो मजकूर असतो तो आपण कधी वाचत नाही. आमच्या टायरवर होते: २५५/४५ आर १८ ९९. हा शिलालेख असा वाचायचा. २५५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे बगलेची उंची ही रुंदीच्या शेकडा ४५, म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १८ म्हणजे धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. आणि शेवटचा ९९ हा भारांक. हा आकडा किलोंचा नव्हे. त्यासाठी एक ठरलेला तक्ता आहे. ९९ म्हणजे एका टायरला ७७५ किलो, १०० म्हणजे ८००, १०३ म्हणजे ८७५, १०९ म्हणजे १०३०, आणि ११६ म्हणजे १२५०. भारांकानंतर एक अक्षर असते, ते वेगाच्या मर्यादेचे.

"आता मला सांगा," म्हातारेबुवा म्हणाले, "तुमच्या गाडीचं वजन किती?"

मेव्हण्यांनी कागदावरचे वजन सांगितले. ते हसले. "हे गाडीचं. मी बिऱ्हाडाचं विचारतोय."

वजनकाट्यावर

गावाबाहेर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा वजनकाटा होता, धान्याच्या ट्रॉल्या तोलण्याचा. तिथे आम्हांला पाठवण्यात आले. आई खाली उतरू लागली तर म्हातारेबुवांनी आधीच बजावले होते, "कोणी उतरायचं नाही. प्रवासात जसे असता तसेच काट्यावर चढा." आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची, अशी तीन वजने केली. एकूण ३००० किलो. पुढच्या आसावर १३८०, मागच्या आसावर १६२०.

काट्यावर चढताना आईला तिचे माहेर आठवले. कृष्णाकाठी तिच्या वडिलांची उसाची गाडी असे. "मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची," ती म्हणाली. "जू वर उचललं जायचं न् बैलांच्या गळ्याला फास. बाबा भरतानाच मोळ्या पुढं सरकवायचे." उलाळ! हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या गाडीचे नेमके तेच झाले होते. पाणी मागे, सायकली मागे, पलंग मागे, आणि तांदूळही मागेच.

आता हिशेब पाहा. मागच्या आसावर १६२० किलो, म्हणजे एका टायरवर ८१०. टायरची ताकद ७७५, आणि तीही पूर्ण हवा असेल तेव्हा. ७७५ चा आकडा २.५ बार हवेला धरलेला असतो. आमच्याकडे होती २.३. साध्या त्रैराशिकाने ताकद उरली ७१३ किलो. ८१० किलोंचा बोजा आम्ही ७१३ किलोंच्या हमालाच्या डोक्यावर देऊन त्याला ताशी शंभर किलोमीटरने पळवत होतो!

गाडीच्या कागदावरची आसाची मर्यादा याहून जास्त होती, म्हणजे गाडीवर भार जास्त नव्हता. भार जास्त होता तो टायरवर. मागाहून उलगडा झाला. आधीच्या मालकाने अठरा इंची चाके लावली तेव्हा १०३ भारांकाचे, आतून बळकट केलेले टायर घेऊन त्यांची रीतसर नोंद केली होती. ते झिजल्यावर गाडी विकायच्या आधी कोणत्या तरी दुकानात त्याच मापाचे, पण ९९ भारांकाचे स्वस्त टायर चढवण्यात आले. माप तेच, चेहरा तोच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. आणि तो आकडा विकणाऱ्याने सांगितला नाही, घेणाऱ्याने वाचला नाही.

भार उचलते कोण?

माझी आजवरची समजूत अशी की, टायर म्हणजे रबर, आणि रबर जाड तर टायर बळकट. म्हातारेबुवांनी ती एका वाक्यात मोडून काढली: "भार रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर फक्त हवेला धरून ठेवतं."

ही हवेची युक्ती तशी जुनी. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते; पण काळ त्याच्या बाजूचा नव्हता. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ती पुन्हा शोधून काढली, आणि मग जगाने ती उचलली. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस ते बोर्दो या शर्यतीत हवेचे टायर मोटारीला लावून दाखवले. तेव्हापासून आजपर्यंत तत्त्व बदललेले नाही: जितका भार, तितकी हवा.

हवा कमी पडली की टायर बसतो. चाक फिरताना त्याची बगल प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. वाकणे जास्त, तर उष्णता जास्त. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तापते आणि शेवटी तुटते, तसेच टायरच्या आतल्या धाग्यांचे होते. बाहेरून काही दिसत नाही. आणि मग एके दिवशी भर वेगात मोठा आवाज होऊन टायरच्या चिंध्या होतात. बिऱ्हाडाची गाडी उंच आणि वरून जड. तिचा मागचा टायर फुटला तर ती सावरणे मुश्किलीचे. ब्रेनरच्या उतारावर असे घडले असते तर, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

याउलट हवा फाजील भरली तरी धड नाही. टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कडा टेकत नाहीत, पकड कमी होते, मधला भाग आधी झिजतो, आणि कपाटातली भांडी सारा वेळ वाजत राहतात.

मोठी चाके: काय मिळते, काय जाते

मग मोठी चाके लावायचीच नाहीत काय? तसेही नाही. लावणाऱ्यांची कारणे असतात. मोठ्या ब्रेकना मोठे चाक लागते. बुटक्या बगलेमुळे वळणावर गाडी कमी डुलते. आणि दिसायला ती ऐटबाज दिसते, हेही कारणच आहे. पण निवडताना चार गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, बाहेरचा व्यास. चाक मोठे केले तर बगल तेवढीच लहान करायची, म्हणजे एकूण उंची कायम राहते. गणित शाळेतले आहे: रुंदीला बगलेच्या टक्क्यांनी गुणा, दुप्पट करा, आणि त्यात चाकाचा व्यास मिळवा, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. आमच्या जातीच्या व्हॅनची तीन मापे घ्या. २१५/६५ आर १६ ची उंची येते ६८६ मिलिमीटर, २३५/५५ आर १७ ची ६९०, आणि २५५/४५ आर १८ ची ६८७. तिघे भाऊ एका उंचीचे! पण बगल मात्र अनुक्रमे १४०, १२९ आणि ११५. म्हणजे अठरा इंची चाक घेतले की खड्डा आणि चाक यांच्यामध्ये पंचवीस मिलिमीटर गादी कमी. जर्मनीत ते चालून जाईल. आपल्याकडे पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर चाकाची कड वाकल्याशिवाय राहणार नाही.

उंची कायम राखली नाही तर काय होते? १९९० च्या पिढीच्या व्हॅनवर १९५/७० आर १५ हे माप असे. त्याची उंची ६५४. तिथे कोणी ६८६ चा टायर लावला, तर चाक एका फेऱ्यात जवळजवळ पाच टक्के जास्त अंतर तोडते. वेगाचा काटा शंभर दाखवील तेव्हा गाडी मनाने शंभराच्या पुढे गेलेली असेल. युरोपातल्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवून मुळीच चालत नाही. शिवाय चढावर गाडी ओढत नाही, आणि वळताना टायर चाकाच्या कमानीला घासतो. हे घासणे रिकाम्या गाडीत दिसत नाही. गाडी भरून स्प्रिंगा दबल्या आणि स्टिअरिंग पुरते फिरवले की कळते. फियाट डुकाटोवर बांधलेल्या मोठ्या घरगाड्यांतही हाच फरक दिसतो: २२५/७० आर १५ ची उंची ६९६, आणि जड सांगाड्याला येणाऱ्या २२५/७५ आर १६ ची ७४४. एक काढून दुसरे चढवणे म्हणजे गाडीचे जवळजवळ सात टक्के बदलणे.

दुसरी गोष्ट, भारांक. ती वर सांगितलीच. तिघे भाऊ उंचीने सारखे असले तरी ताकदीने सारखे नाहीत. सोळा इंची टायर मालवाहू जातीचा असतो, मापापुढे 'सी' हे अक्षर असलेला; त्याचा भारांक १०९, म्हणजे १०३० किलो. सतरा आणि अठरा इंचींचे बळकट केलेले टायर १०३ चे, म्हणजे ८७५. चाक वाढले आणि ताकद घटली! नवा टायर मूळच्या भारांकाहून किंवा आसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी असता कामा नये, हे सूत्र पाठ करून ठेवावे. मोठ्या घरगाड्यांसाठी 'सीपी' अशी खास जात निघते, कारण त्या वर्षभर भरलेल्याच उभ्या असतात.

तिसरी, धातूचे चाक. त्यालाही भाराची मर्यादा असते आणि बहुधा ती आतल्या बाजूला ओतलेली असते. लहान मोटारीची सुंदर चाके व्हॅनला लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. ती भाराला पुरतीलच असे नाही. बोल्टांचे वर्तुळही जुळावे लागते. १९९० च्या पिढीत ते ११२ मिलिमीटरचे होते, २००३ च्या पिढीत १२० चे. एकाच घराण्यातल्या दोन पिढ्यांची चाके एकमेकांना होत नाहीत. चाक किती आत आणि किती बाहेर बसते, तेही मूळच्या जवळपास हवे.

चौथी, कायदा. जर्मनीत मूळ कागदांत नसलेले माप लावले तर तपासणी करून नोंद घ्यावी लागते. नाही तर गाडीची परवानगी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ घडणीत मन मानेल तसे बदल करायला बंदी आहे.

हवेचे त्रैराशिक

दुकानदारबुवांनी आमच्यापुढे पर्याय ठेवले. सोळा इंची 'सी' टायर भाराला सगळ्यांत उत्तम. पण आमच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या तबकड्या मोठ्या असल्याने सोळा इंची चाक वर बसेना. अठरावरच राहून १०३ चे टायर घेता आले असते. मेव्हण्यांनी मधला मार्ग धरला: सतरा इंची चाके, २३५/५५, भारांक १०३. ताकद तीच, बगल थोडी उंच, आणि हे माप दारावरच्या पट्टीत कारखान्यानेच छापलेले. भाचा हिरमुसला, पण आजीने त्याला एक लाडू जास्त दिला.

आता हवा किती? पहिली गोष्ट ही की, जुन्या टायरचा आकडा नव्याला लावायचा नाही. या बळकट जातीचा ८७५ किलोंचा आकडा २.९ बारला धरलेला असतो. आमच्या मागच्या टायरवर ८१० किलो. त्रैराशिक मांडा: ८१० भागिले ८७५, गुणिले २.९, उत्तर येते सुमारे २.७. म्हातारेबुवा त्यावर दहावा हिस्सा वाढवतात: काट्याची चूक, रस्त्यातला उतार, आणि 'वाटेत घेतलेली कलिंगडं' यांसाठी. झाले ३.० बार, म्हणजे ४३ पौंडांच्या आसपास. पुढे ६९० किलो. तिथे उत्तर येते २.३, वाढीसह २.५.

हेच वजन सोळा इंची 'सी' टायरवर टाकले असते तर? त्याचे १०३० किलो ४.७५ बारला असतात. ८१० किलोंना वाढ न धरताच ३.७ बार लागले असते. गाडी तीच, भार तोच, आणि हवेत एका बारचा फरक! म्हणून 'सगळ्यांना तेत्तीस पौंड' ही सवय घातक. मोठ्या घरगाड्यांच्या 'सीपी' टायरला तर मागच्या आसावर ५.५ बार, म्हणजे ८० पौंड, अशी शिफारस असते. इतक्या हवेला साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही. त्याची मर्यादा ४.५ बारच्या आसपास संपते. तिथे धातूचा व्हॉल्व्हच हवा.

मात्र त्रैराशिक हे समजण्यासाठी. शेवटचा शब्द गाडीच्या दारावरच्या पट्टीचा आणि टायर बनवणाऱ्याच्या तक्त्याचा. आमच्या पट्टीवर सतरा इंची मापासमोर पूर्ण भाराचा जो आकडा होता तो आमच्या उत्तरापेक्षा थोडा जास्तच निघाला. मेव्हण्यांनी वाद न घालता पट्टीचा घेतला.

घरच्या घरी पाळायचे नियम

हवा नेहमी गार टायरमध्ये मोजावी. सकाळी, निघण्यापूर्वी किंवा दोन-तीन किलोमीटरांच्या आत. हवामान दहा अंशांनी बदलले तर दाब तीन-चार टक्क्यांनी बदलतो, आणि गाडी धावल्यावर तो वाढतोच. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडणे ही सर्रास होणारी चूक. गार झाल्यावर तो टायर भुकेला राहतो.

टायरचे वय पाहावे. बगलेवर चार आकडे असतात. ३५१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. घरगाडी वर्षातून महिनाभर धावते आणि अकरा महिने उभी असते. तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, आणि नक्षी कोरी दिसते म्हणून आपण फसतो. बगलेवर बारीक भेगा दिसल्या की समजावे.

आणि सामान भरताना आईचा नियम पाळावा: गाडी उलाळ होऊ द्यायची नाही. आम्ही परत आल्यावर पाण्याची टाकी अर्धी ठेवली (पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, आणि नळ काय वाटेत कुठेही मिळतो), सायकली घरी ठेवल्या, आणि जड खोकी पुढच्या आसनांमागे सरकवली. तांदूळ मात्र आला. तेवढे आईपुढे कोणाचे चालले नाही.

धाव

दहा दिवसांनी आम्ही ब्रेनर ओलांडला. खिंड १३७० मीटरांवर आहे. चढून वर पोचल्यावर थांबलो, तर सगळ्यांत आधी खाली उतरली ती आई. काठी टेकत मागच्या चाकाशी गेली आणि तिने टायरवर हात ठेवला. कोणी तिला काही सांगितले नव्हते. पण त्या दिवशीचे आमचे चेहरे तिने वाचले होते. "कोमट आहे," ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमच्याकडं उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आटायचं न् धाव सैल व्हायची. बाबा गाडी नदीत घालून चाकं भिजवायचे. म्हणायचे, धाव सुटली की गाडीचा भरवसा सुटला."

भाच्याला 'धाव' म्हणजे पळणे एवढेच ठाऊक. मी त्याला सांगितले की, बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी लोहार तापवून चढवतो तिचे नाव धाव. तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे मामा, टायरला मराठीत शब्द आहे!" आहे खरा. वर्गात इतकी वर्षे भाषा शिकवूनही तो मला ब्रेनर खिंडीत सापडावा!

उतार लागण्यापूर्वी मेव्हण्यांनी चारी चाकांना एकेकदा हात लावला. तेव्हापासून आमच्यातही ती रीत पडली आहे. आता दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ मंडळी गाडी भरून गावाला, कोकणात, देवाला निघतील. फराळाचे डबे, पाहुण्यांच्या पिशव्या, मागे दाटीवाटीने बसलेली पोरे, आणि छतावर गाठोडी. निघण्याआधी पाच मिनिटे काढावीत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचावी, 'भरलेल्या गाडी'समोरचा आकडा पाहावा, आणि पंपावरच्या पोराला 'नेहमीचीच' असे न सांगता तो आकडा सांगावा. टायर नवे घेतले असतील तर खाली वाकून शेवटचा भारांकही वाचून घ्यावा. एवढे केले म्हणजे बिऱ्हाड सुखरूप पोचते, आणि लाडूही फुटत नाहीत.